स्लाइड आपोआप पुढे जाताना: पॉवरपॉइंटचे ट्रान्झिशन आणि टायमिंग, काही महिन्यांच्या वापरानंतर

पॉवरपॉइंटमधला ट्रान्झिशन्स टॅब (एका स्लाइडवरून दुसरीवर जातानाचे इफेक्ट आणि वेळ इथे ठरतात) मी गेले काही महिने दोन अगदी वेगळ्या कामांसाठी वापरतेय. एक म्हणजे प्रदर्शनात जवळ कोणी माणूस नसताना स्क्रीनवर फिरत राहणारी माहिती आणि दुसरं, लोकांसमोर उभं राहून केलेलं सादरीकरण. पहिल्या कामात या सोयीला तोड नाही. दुसऱ्यात ऑटोमॅटिक टायमिंग बंदच ठेवावं, असं माझं ठाम मत झालंय.

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ कुठे होतो ते आधी सांगते. स्लाइड निवडून तुम्ही जो इफेक्ट लावता, तो ती स्लाइड पडद्यावर येताना दिसतो. त्याच पट्टीवर उजवीकडे ‘आफ्टर’समोर लिहिलेले सेकंद मात्र ती स्लाइड कधी जाणार हे ठरवतात. ‘ड्युरेशन’ आणखी वेगळं, इफेक्ट किती वेळ चालणार ते तिथे लिहायचं. येणं, थांबणं आणि जाणं एकाच पट्टीत कोंबल्यामुळे हा घोळ होतो. ‘ऑन माउस क्लिक’ आणि ‘आफ्टर’ दोन्हींवर टिक असेल, तर जे आधी घडेल त्याने स्लाइड सरकते.

खरी मेहनत लागते ती प्रत्येक स्लाइडला किती सेकंद द्यायचे हे ठरवायला. सगळ्यांना सरसकट तेवढेच सेकंद दिले, तर चार शब्दांची स्लाइड रेंगाळते आणि आलेखाची स्लाइड डोळ्यांना अक्ष सापडायच्या आतच निघून जाते. मी स्लाइड शो टॅबमधलं ‘रिहर्स टायमिंग्ज’, म्हणजे प्रत्येक स्लाइडवर गेलेला वेळ नोंदवणारा सराव, चालू करते आणि प्रत्येक ओळ मोठ्याने, सावकाश वाचत पुढे जाते. शेवटी वेळा जतन करायच्या का, असं विचारलं जातं. हो म्हटलं की त्या प्रत्येक स्लाइडच्या ‘आफ्टर’मध्ये जाऊन बसतात. मग सगळ्या स्लाइड्स छोट्या करून एकत्र दाखवणाऱ्या स्लाइड सॉर्टरमध्ये त्या एका नजरेत दिसतात आणि आलेख, नकाशे, तक्ते यांना मी हाताने वेळ वाढवून देते. मजकूर बनवणाऱ्याला तो पाठ असतो, समोरचा मात्र पहिल्यांदाच वाचत असतो. हा फरक त्या वाढीव सेकंदांतूनच भरून निघतो.

‘अप्लाय टू ऑल’ जपून वापरा. ते फक्त इफेक्ट नाही, निवडलेल्या स्लाइडची वेळही सगळीकडे लावतं, त्यामुळे एकेक करून ठरवलेले सेकंद पुसले जातात. ते सुरुवातीलाच दाबावं, वेगवेगळ्या वेळा नंतर भराव्यात. स्लाइडमध्ये आपोआप चालणारी अॅनिमेशन्स असतील आणि ‘आफ्टर’चा वेळ त्यांच्यापेक्षा कमी असेल, तर ती संपल्यावरच स्लाइड बदलते. ही वागणूक मला फार आवडली, अर्धवट वाक्यावर पडदा पडत नाही.

न थांबता फिरणाऱ्या स्क्रीनसाठी ‘सेट अप स्लाइड शो’मधला किऑस्कचा पर्याय निवडा. शो एस्केप दाबेपर्यंत फिरत राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने माउस दाबला तरी स्लाइड पुढे जात नाही.

समोर उभं राहून बोलताना मात्र कोणी प्रश्न विचारतं, कोणाला आकडा परत बघायचा असतो. अशा वेळी पाठीमागे स्लाइड बदलली की लोकांचं लक्ष वक्त्यावरून उडतं. त्यासाठी दुसरी फाइल करायची गरज नाही. स्लाइड शो टॅबमधल्या ‘यूज टायमिंग्ज’वरची टिक काढली की सगळं क्लिकवर येतं आणि ठरवलेल्या वेळा फाइलमध्ये तशाच राहतात. चालू शोमध्ये अचानक थांबायचं असेल तर ‘एस’ दाबा, पुन्हा दाबलं की शो पुढे सुरू.

इफेक्टच्या बाबतीत मी फेड (एक स्लाइड विरत दुसरी उमटते) आणि मॉर्फ (एका स्लाइडवरच्या वस्तू सरकत, बदलत दुसरीवरच्या जागी जातात) यांवर समाधानी आहे. फिरणारे, उलगडणारे, तुकडे होणारे बाकीचे प्रकार दहा स्लाइडनंतर थकवतात. मॉर्फ मात्र खरोखर समजावून सांगतं. स्लाइडची प्रत काढायची, प्रतीतल्या वस्तू हलवायच्या किंवा मोठ्या करायच्या आणि प्रतीवर मॉर्फ लावायचं. नकाशाच्या एका कोपऱ्यात शिरायला याहून सोपं काही नाही. दोन आकारांची जोडी जुळत नसेल, तर सिलेक्शन पेनमध्ये, म्हणजे स्लाइडवरच्या वस्तूंच्या यादीत, दोघांना एकच नाव द्या आणि नावाआधी दोन उद्गारचिन्हं टाका. मॉर्फ नसलेल्या जुन्या आवृत्तीत त्याजागी फेड दिसतो, म्हणजे काम अडत नाही.

लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्येही स्लाइडगणिक वेळ आणि वेळेचा सराव दोन्ही मिळतं. गूगल स्लाइड्समध्ये आपोआप चालवताना सगळ्या स्लाइड्सना एकच वेळ निवडावी लागते, म्हणून प्रदर्शनाच्या कामाला मी ते घेत नाही.

पॉवरपॉइंटबद्दल माझी एक तक्रार आहे. सराव संपल्यावर एकूण वेळ दिसते, पण नंतर सेकंद बदलले की नवी बेरीज मला स्वतःच करावी लागते. व्हिडिओ काढताना तर हे जास्तच खुपतं, कारण ज्या स्लाइडला वेळ दिलेली नाही तिला मुळात ठरलेले 5 सेकंद मिळतात. एखादी स्लाइड नजरेतून सुटली, तर ते व्हिडिओ तयार झाल्यावरच कळतं. म्हणून एक्स्पोर्टच्या आधी सॉर्टरमध्ये प्रत्येक स्लाइडखाली सेकंद आहेत ना, हे मी न चुकता बघते.