मॉरिस मायनरला ३.९ चा डिफरन्शियल टाकला, काही महिने चालवल्यावर काय वाटतंय

आधीच सांगतो, टॉप स्पीड वाढेल म्हणून हे करायला निघाला असाल तर पैसे खिशातच ठेवा. माझी गाडी १९६७ ची मॉरिस मायनर १०००, म्हणजे जुनी छोटी ब्रिटिश कार, इंजिन मूळचंच १०९८ सीसी, ट्यूनिंग वगैरे काही नाही, आणि राहायला इंग्लंडमध्ये लीड्सला, म्हणजे एका बाजूला एम६२ मोटरवे आणि दुसऱ्या बाजूला यॉर्कशरचे चढउतार. कंपनीने या मॉडेलला मागच्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारे गिअर) ४.२२ चा रेशो दिलेला, मी तो काढून एमजी मिजेट या छोट्या स्पोर्ट्स कारचा ३.९ बसवला. तेव्हापासून थंडी, पाऊस, मोटरवे, घाट सगळं बघून झालंय, म्हणून आता बसलोय लिहायला.

ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. ४.२२ म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जाणारा लांब दांडा) ४.२२ फेरे लागतात. शाफ्टच्या टोकाच्या छोट्या चक्राला, म्हणजे पिनियनला, ९ दाते, ते ज्या मोठ्या चक्राला फिरवतं त्या क्राऊनला ३८, भागलं की ४.२२. आकडा मोठा असेल तर गाडी ओढते मस्त पण इंजिन सारखं बोंबलतं, आकडा लहान असेल तर मोकळी पळते पण चढाला धाप लागते. मायनरचं इंजिन जसं वाढत गेलं तसा कंपनीने हा आकडा खाली आणला, ८०३ सीसीच्या बिचाऱ्या इंजिनाला ५.३७५ (८ आणि ४३ दाते), ९४८ ला ४.५५ (९ आणि ४१), आणि १९६२ मध्ये १०९८ आलं तेव्हा ४.२२. (आपल्याकडे हीच मायनर हिंदुस्तान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून विकली होती, कोणाच्या आजोबांकडे असेल तर जरूर कळवा.)

आता मुख्य मुद्दा, तुमच्या गाडीत सध्या काय आहे ते आधी बघा. पुस्तकात काय लिहिलंय त्याला काही अर्थ नाही, साठ वर्षांच्या गाडीत मधे कोणी काय बसवलं असेल सांगता येत नाही. बघायची पद्धत सोपी आहे पण एक गंमत आहे तिच्यात. मागचं एकच चाक उचललं आणि दुसरं जमिनीवर असेल तर उचललेलं चाक दोनदा फिरल्यावर क्राऊन एकदा फिरतो, कारण डिफरन्शियल आपलं काम करत असतो. बरेच जण चाक एकदाच फिरवतात, शाफ्टचे दोन फेरे आणि वर थोडंसं मोजतात आणि डोकं धरून बसतात. आणि दोनदा फिरवलं तरी ४.२२ आणि ४.५५ मधला फरक शाफ्टच्या एक तृतीयांश फेऱ्याचा, तो अंदाजाने पकडणं कठीण. म्हणून चाक वीस वेळा फिरवा. शाफ्टला खडूची रेघ मारा, एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने खाली पडून मोजायचं, आमच्याकडे बायकोने चाक फिरवलं आणि मी खाली. ४२ च्या जरा पुढे थांबला तर ४.२२, साडेपंचेचाळीस तर ४.५५, ३९ तर ३.९. गिअर न्यूट्रलला हवा, आणि हँडब्रेक मागच्याच चाकांना असल्यामुळे तो सोडावा लागतो, त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली अजिबात जाऊ नका, स्टँड लावाच.

हे एवढं घोळवून सांगतोय कारण मला एका ऑनलाइन विक्रेत्याने ३.९ म्हणून जो सेंटर (एक्सलमधून अख्खा निघणारा डिफरन्शियलचा भाग) पाठवला तो चक्क ४.२२ निघाला. वर पांढऱ्या पेनने झोकात ३.९ लिहिलेलं! बाहेर काढलेल्या सेंटरचे दाते सरळ मोजता येतात, क्राऊनच्या एका दात्याला रंग लावायचा आणि फ्लँज (शाफ्ट जोडायची तबकडी) हळूहळू फिरवत दाते मोजत जायचं. ३८ ला रंग परत समोर आला तेव्हाच कळलं, पिनियनला ९. पैसे परत मिळाले पण पोस्टेज गेलं ते गेलंच. दुसरीकडून घेतला तो बरोबर निघाला. घेताना आणखी दोन गोष्टी बघा, क्राऊन आणि पिनियन जोडीचेच आहेत ना (दोन्हीवर एकच नंबर कोरलेला असतो, एकाचा क्राऊन दुसऱ्याचा पिनियन असली खिचडी कधीच घेऊ नका, जन्मभर ऊंऽऽ ऐकत बसाल) आणि फ्लँजची भोकं तुमच्या शाफ्टला जुळतात का. मायनरच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांचा एक्सल वेगळा आहे, त्यांना हे लागू नाही.

बसवणं तसं किचकट नाही. हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांपर्यंत जाणारे दांडे) बाहेर ओढायचे, प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, नट काढले की अख्खा सेंटर पुढच्या बाजूने निघतो, फक्त जड आहे, छातीवर पडेल. नवीन पॅकिंग आणि पाऊण लिटरच्या थोडं वर ईपी९० हायपॉइड ऑइल, झालं.

आता चालवल्यावर काय. माझे टायर १४५ आर १४ आहेत, त्या हिशोबाने टॉप गिअरला ६० मैलाच्या स्पीडला आधी इंजिन सुमारे ३७५० आरपीएमवर असायचं, आता साधारण ३४७०. कागदावर किरकोळ वाटतं, पण मायनरमध्ये त्या तीनशेनेच फरक पडतो, पूर्वी मोटरवेवर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं, आता नुसतं मोठ्याने बोललं तरी चालतं. मी पैसे दिले ते या शांततेसाठीच, आणि तेवढी ती मिळाली. पेट्रोल थोडं वाचत असेल पण एवढं नाही की त्यासाठी कोणी हे करावं.

टॉप स्पीड का वाढत नाही, तर या इंजिनाची ४८ हॉर्सपॉवर मिळते ५१०० आरपीएमला. ३.९ वर टॉपला तिथपर्यंत पोचायचं तर ८८ मैलाचा स्पीड हवा, आणि तेवढी हवा कापायची ताकद हिच्यात कुठून येणार! समोरून वारा असेल तर उलट जुना ४.२२ च जास्त पळायचा.

चढाचं म्हणाल तर मिश्र अनुभव. एम६२ जिथे सगळ्यात उंच जातो, ३७२ मीटरवर, तिथे पूर्वी टॉपमध्ये रेटून न्यायचो, आता वारा असला की थर्ड टाकावाच लागतो. पण थर्ड आता छान लांब झालाय, ५० च्या स्पीडला चार हजाराच्या आसपास, मजेत चढते. मला तर आता थर्डच हिचा खरा गिअर वाटतो. यॉर्कशरमधल्या सटन बँकचा चढ मात्र १ इन ४ चा (चार फूट पुढे गेलं की एक फूट वर), कॅरव्हॅनला तिथे बंदीच आहे, खंबाटकी त्यापुढे सपाट रस्ता म्हणा. तिथे चार माणसं बसवून मधेच थांबलात तर फर्स्टला क्लच जास्त घासावा लागतो, हे स्पष्ट जाणवतं. एकटा असलो तर काही प्रॉब्लेम नाही.

स्पीडोमीटरचं आधीच ठरवून ठेवा. केबल गिअरबॉक्समधून येते, तिला मागे काय बदललं याचा पत्ता नाही, त्यामुळे आता तो कमी दाखवतो. काटा ५५ वर आणि गाडी खरी ६० ने! ३० च्या झोनमध्ये २८ बघून खूश व्हाल आणि कॅमेरा वाट बघतच असतो. मी काही दिवस मोबाइलच्या जीपीएसवर काढले आणि मग मीटर कॅलिब्रेट करून घेतला, तो खर्च बजेटमध्ये धराच.

९४८ इंजिनवाल्यांनी ३.९ च्या नादी लागू नका, ४.२२ टाका, तेवढ्यानेच बराच फरक पडेल. १२७५ इंजिन टाकलं असेल तर ३.९ डोळे झाकून, किंवा नुसता मोटरवेच असेल तर मिजेटच्या नंतरच्या गाड्यांमधला ३.७ सुद्धा. आणि बजेट दणकट असेल तर मागे हात न लावता फोर्डचा टाइप ९ फाइव्ह स्पीड गिअरबॉक्स, त्याचा फिफ्थ ०.८२ चा, म्हणजे ४.२२ वर हिशोब ३.४६ चा बसतो आणि चढाला खालचे गिअर जवळपास होते तसेच राहतात. माझ्या मते तोच उत्तम उपाय, पण त्यात गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा उंचवटा, ज्याला बोगदा म्हणतात, त्याची कापाकापी, नवीन प्रोपेलर शाफ्ट असं बरंच येतं, आणि घरात तो विषय काढायची सध्या तरी माझी टाप नाही.