आठ महिने वापरलेली सॅक आणि लेकीच्या हॉल तिकिटावर पाहिलेली शहरं

आठ महिन्यांपूर्वी परभणीच्या बाजारातून ही २२ लिटरची काळी सॅक साडेआठशेला घेतली तेव्हा डोक्यात एवढंच होतं की लेकीच्या भरतीच्या परीक्षेचं सेंटर बाहेरगावी आलंय आणि तिच्यासोबत मला जायचंय. तेव्हापासून संभाजीनगर दोनदा, नांदेड, हैदराबाद, पुणे एवढं झालं. दर वेळी एकच दिवस, सकाळी उतरायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत, लॉजचा खर्च करायचाच नाही. आता ओळखीच्या बायका विचारायल्यात की सॅक कसली घेतली आणि दिवसभर तुम्ही तिथं करता काय, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

ज्यांच्या घरी परीक्षा देणारं लेकरू आहे त्यांना माहितीये, पोरगी आत गेली की तिचा मोबाईल, घड्याळ, पर्स, ओढणीची पिन सुद्धा आपल्याकडं. आधी मी हातात धरायची बॅग आणि वर एक पिशवी न्यायची. गेटसमोर झाडाखाली तीन तास दोन बॅगा राखत बसायचं, उठून चहाला जायची सोय नाही, आणि पेपर सुटला की थेट स्टेशनवर जाऊन गाडीची वाट बघायची. शहर आलं कधी आणि गेलं कधी ते कळायचंच नाही.

सॅक घ्यायला माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं कारण म्हणजे चेनचे दोन रनर. दोन्हीला बारीक भोक आहे, समोरासमोर आणले की त्यात छोटं कुलूप बसतं. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, पण रेल्वेच्या क्लोकरूमला कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत, आणि प्रवासाचं तिकीट पण दाखवावं लागतं. मोठ्या स्टेशनवर उतरलं की दुपारचं जेवण सोडून कपडे, चादर, बाकीचं सगळं सॅकमधी कुलूप लावून तिथं ठेवायचं, आणि खांद्याला फक्त कापडी पिशवी. जिथं क्लोकरूम नाही तिथं सॅक पाठीवर, पण तेव्हाही दोन्ही हात मोकळे असतात. नांदेडला ते फार कामी आलं. गुरुद्वारात जोडाघरात चपला दिल्या, डोक्यावर ओढणी घेतली, दर्शन झालं, मग लंगरमध्ये बसलो. तिथं पोळी दोन्ही हात पुढं करून घेतात. माझ्या हातात बॅग असती तर ती पोळी मी कशी घेतली असती? गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडलाच देह ठेवला हे शाळेत वाचलं होतं, एवढं जवळ राहून जाणं मात्र पन्नाशीला आल्यावर झालं.

आता चूक सांगते, कारण ती तुम्ही करू नये. संभाजीनगरला पहिल्यांदा गेलो तेव्हा पेपरनंतर पाणचक्की आणि बीबी का मकबरा एवढंच केलं आणि दिवस फार छान गेला. पाणचक्कीला कितीतरी वेळ उभे होतो, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणून त्याच्या जोरावर जातं फिरवायचे हे लेकीला खरंच वाटेना, मग मी तिला माझ्या आजीच्या जात्याचं सांगत बसले, खुंटा, पाळी, पीठ कसं कडेनं पडतं. दुसऱ्यांदा कागदपत्रं तपासायला बोलावलं, काम अकरालाच उरकलं, म्हणून वेरूळची बस धरली, तीस किलोमीटर जाऊन उतरलो तर लेणी बंद. मंगळवार होता आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. घृष्णेश्वराचं दर्शन झालं, तेवढंच समाधान, पण लेकीचा चेहरा उतरलेला आजही दिसतो. तेव्हापासून हॉल तिकिटावर तारीख दिसली की आधी वार बघते. अजिंठा सोमवारी बंद, हैदराबादचं सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद.

हैदराबादला रविवार होता. सेंटर शहराच्या पार टोकाला, सुटायला साडेबारा झाले, गोवळकोंडा पण बघायचा होता लेकीला पण तो दुसऱ्या बाजूला, मी नाही म्हणले. जुन्या शहरात सालारजंग आणि चारमिनार, दोन्हींमधलं अंतर पायी जाण्यासारखं, बास. सालारजंगला एक घड्याळ आहे, तासाचे ठोके द्यायला आतून छोटा माणूस बाहेर येतो. तीन वाजायला दहा मिनिटं होती, समोर सगळी माणसं येऊन बसली, लहान लेकरं पुढं, आणि तो इवलासा माणूस आला, तीन ठोके दिले आणि आत गेला. तिथून चालत चारमिनार, १५९१ चा, आणि शेजारी लाड बाजारात लाखेच्या बांगड्या. दुकानदाराशी बोलायला मला काहीच जड गेलं नाही, ते नक्को म्हणतात आपण नको म्हणतो. आमचे आजेसासरे उर्दूत शिकलेले, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण त्याच निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं मला ते शहर परकं वाटलंच नाही.

पुण्यात पण तसंच. मेट्रोनं मंडईला उतरलो आणि तिथून सगळं पायी, तुळशीबाग, केळकर संग्रहालय, संध्याकाळी शनिवारवाडा. संग्रहालयात अडकित्ते बघून मी थांबूनच राहिले, कितीतरी प्रकारचे. आपण घरातलं जुनं पितळ मोडीत घालतो आणि या केळकरांनी गेलेल्या लेकाच्या आठवणीत ते गावोगाव फिरून जमवलं.

सॅकचे दोष. तिसऱ्या महिन्यात मोठ्या कप्प्याची चेन दात सोडायला लागली, दुकानदार म्हणला बिल नाही तर काही होणार नाही. ते मला पटलं नाही, बिल त्यानंच दिलं नव्हतं. शेवटी चेन दुरुस्त करणाऱ्याकडून साठ रुपयांत रनर बदलून घेतले, पण बदलताना त्याला भोकवालेच रनर टाका म्हणून सांगा, नाहीतर कुलूप कशाला लावणार. बाटलीच्या कप्प्याचं इलॅस्टिक ढिलं पडलंय, वाकलं की बाटली घरंगळते, मी बाटली आत ठेवायलेय. रेनकव्हर नाही आणि कापड पाणी धरतं, पुण्यात पावसात भिजलो तेव्हा लेकीचं हॉल तिकीट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होतं म्हणून वाचलं. डबा मात्र आडवा नीट बसतो. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेते, दोन वेळा पुरतं, दही नेऊ नका, सांडतं. पाठीला टेकतो त्या बाजूला एक आतला कप्पा आहे, परतीचं तिकीट, आधार आणि पैसे तिथं, गर्दीत कुणाचा हात पोचत नाही. पट्टे रुंद आहेत, माझा उजवा खांदा दुखतो तरी दिवसभर त्रास झाला नाही.

साडेआठशेत परत घेईन का, हो, फक्त चेन चारदा उघडझाक करून आणि बिल मागून. दहावी-बारावीच्या पोरांच्या पुस्तकांच्या ओझ्याला ही टिकणार नाही, त्यांच्यासाठी घेऊ नका.

परवा नागपूरचं हॉल तिकीट आलंय. वार बघितला, रविवार आहे. लेक पेपरचा अभ्यास करायलीय आणि मी नकाशात सेंटरपासून दीक्षाभूमी किती लांब ते बघायलेय.