रेअर ऑर्किडचा बॉक्स: सव्वा वर्षानंतर बडोद्याहून रिव्ह्यू

बॉक्स आला त्या दिवशी रिव्ह्यू टाकायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं, कारण ऑर्किडचं खरंखोटं कुरिअर उघडून कळत नाही, निदान एक उन्हाळा आणि एक फुलांचा मोसम जावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मागवलं होतं, आता लिहितेय.

आधी थोडं सांगते. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा माझी चौदा ऑर्किड्स खाली पार्किंगमधल्या स्टँडवर होती, तीन दिवस पाण्याखाली, एकही वाचलं नाही. त्यातली बहुतेक साधी, फॅलेनॉप्सिस आणि फुलवाल्यांकडे असतात ती डेंड्रोबियम. पुन्हा सुरू करायचंच तर यावेळी वेगळं काहीतरी करू म्हणून या नर्सरीचा पाच रोपांचा 'रेअर स्पीशीज' बॉक्स घेतला, ३,२०० रुपये आणि वर कुरिअरचे २५०. आता सगळं दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आहे, पूर्वेकडे तोंड, वर ५० टक्केवाली हिरवी नेट.

पॅकिंग उत्तम, यात काही बोलायलाच नको. मुळांना ओलसर मॉस, वर पेपर, प्रत्येक रोप पुठ्ठ्याला बांधलेलं, चार दिवस प्रवास करून एक पान मोडलं नव्हतं. रोपं मोठी होती, फुलायच्या वयाची, फोटोत दाखवलेली तेवढीच.

गडबड नावांच्या पट्ट्यांमध्ये होती. पाचातली दोनच नावं नीट लिहिलेली, ब्रासावोला नोडोसा आणि एक बल्बोफायलम. बाकी तिघांवर 'डेंड्रोबियम मिक्स', 'सिंबिडियम' आणि 'वांडा स्पीशीज'. आता कोणी म्हणेल नावाने काय होतं, फूल आलं म्हणजे झालं. पण ऑर्किडमध्ये नाव म्हणजेच पाणी कधी द्यायचं आणि कधी बंद करायचं हे असतं, एकाला हिवाळ्यात पाणी लागतं आणि दुसरं त्याच पाण्याने सडतं, म्हणून पट्टी चुकली तर रोप हातचं जातं.

'डेंड्रोबियम मिक्स'ला मी बाजारातल्या नेहमीच्या डेंड्रोबियमसारखंच पाणी देत राहिले. डिसेंबरात पानं पिवळी पडून गळायला लागली तेव्हा आधी पोटात गोळाच आला, मग नीट बघितलं. काड्या ताठ उभ्या नव्हत्या, दोन-अडीच फूट खाली लोंबत होत्या, वर पांढरट कागदासारखा पापुद्रा, आणि मुळं मात्र एकदम कडक, दाबली तर टणक. सडत असेल तर मुळं आधी मऊ होतात. म्हणजे हे मरत नव्हतं, झोपत होतं. लोंबणाऱ्या काड्या आणि हिवाळ्यात पानगळ म्हटल्यावर डेंड्रोबियम अनोस्मम किंवा त्याचं एखादं भावंड असणार असं वाटलं आणि पाणी जवळपास बंद केलं, आठवड्यातून एकदा सकाळी नुसता फवारा. अशा डेंड्रोबियमला झोपेच्या दिवसात पाणी देत राहिलं की फुलांच्या जागी काडीवर पिल्लं फुटतात, माझ्या एका काडीवर एक फुटलंच होतं. उत्तरायणला सगळे पतंग उडवायला आमच्याकडे जमलेले, तेव्हा माझा चुलतभाऊ म्हणाला, "ताई, या सुकलेल्या काड्या टाकून दे ना, कशाला अडकवून ठेवल्यात?" त्याच काड्यांवर मार्चमध्ये एकही पान नसताना तेवीस फुलं आली, जांभळट गुलाबी, ओठाच्या, म्हणजे पुढच्या वेगळ्या पाकळीच्या, आत दोन गडद डोळे, आणि वास असा की दुपारी गॅलरीचं दार उघडलं की हॉलभर. अनोस्मम म्हणजे गंध नसलेलं, नाव ठेवताना काय झालं असेल कोण जाणे, मला आजपर्यंत याच्याइतकं सुगंधी दुसरं मिळालं नाहीये.

'सिंबिडियम' तर त्याहून मोठी चूक. बिनपानांचे तीन जाड फुगलेले बल्ब (पाणी साठवणारी खोडं) आले होते, सिगारसारखे, अंगावर वाळलेल्या पानांच्या कडा आणि टोकाला बारीक काटे. सिंबिडियमची अरुंद लांब पानं अशी एकदम सगळी गळत नाहीत आणि त्याच्या बल्बला असे काटेही नसतात. काटे दिसल्यावर माझ्या डोक्यात कॅटासेटम हे दुसरंच ऑर्किड आलं. पण तोपर्यंत पट्टीवर विश्वास ठेवून दोन आठवडे पाणी देऊन झालं होतं आणि एक बल्ब तळाकडून तपकिरी होऊन मऊ पडला. तो कापला, कापलेल्या जागी दालचिनी पूड लावली, उरलेले दोन कोरडे ठेवले, अगदी कोरडे, एप्रिलपर्यंत थेंब नाही. कॅटासेटमचा नियम असा की नवा कोंब दिसला म्हणून लगेच पाणी द्यायचं नाही, नवी मुळं तीन-चार इंच लांब होईपर्यंत थांबायचं, आणि एकदा ती झाली की भरपूर पाणी आणि भरपूर खत, कारण वर्षभराचं खाणं-पिणं ते त्या पाच-सहा महिन्यांतच उरकतं. आपला पावसाळा त्याला अगदी मानवतो.

सप्टेंबरात दांडी आली. पिवळट हिरवी, टोपीसारखी फुलं, नर फुलं. माझ्या मुलाला बोलावलं आणि काडेपेटीची काडी आतल्या मिशीसारख्या टोकाला हलकेच लावली, तर परागाचा गोळा टिचकन उडून काडीला चिकटला. तो दहा मिनिटं नुसता हसत होता. जंगलात हे मधमाशीच्या पाठीवर बसतं. या वंशात नर आणि मादी फुलं वेगळी असतात आणि दिसायला इतकी वेगळी की एकेकाळी शास्त्रज्ञांनी ती वेगवेगळ्या वंशांतली झाडं समजून वेगवेगळी नावं दिली होती, १८६२ मध्ये डार्विनने हे कोडं उलगडून दाखवलं. तर ओळखायला एवढं अवघड झाड नर्सरीवाल्याने चुकवलं हे मी समजू शकते, पण मग पट्टीवर सिंबिडियम असं ठामपणे लिहायचं नाही, कोरी पट्टी चालली असती. माझ्या पट्टीवर मी आता 'कॅटासेटम, नर फूल, पिवळट हिरवं, सप्टेंबर २०२५' एवढंच लिहिलंय. यंदा जास्त उजेडात ठेवणार आहे, कडक उजेडात आणि चांगल्या खतावर मादी फुलं यायची शक्यता वाढते.

ब्रासावोला बिनतक्रार. पेन्सिलीसारखी गोल पानं, पांढरं फूल, दिवसा वास नाही आणि रात्री नऊनंतर सुरू, कारण त्याचं गिऱ्हाईक म्हणजे रात्री उडणारा पतंग किडा. बडोद्याच्या मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला टिकलं, रोज संध्याकाळी भरपूर पाणी देत होते. बल्बोफायलम मात्र त्याच मे मध्ये गेलं, त्याला सतत दमट हवा हवी आणि आमच्याकडे तेव्हा सुकी लू, यात नर्सरीचा काही दोष नाही.

आता वांडा, आणि इथे मी एक स्टार कापलाय. मुळं उलगडली तर त्यांना झाडाच्या सालीचे तुकडे चिकटलेले, पानांवर दगडफुलासारखे डाग, जुनी पानं किड्यांनी कुरतडलेली आणि मुळं एका रेषेत कापलेली. नर्सरीत वाढलेलं रोप असं नसतं, त्याची पानं एकसारखी असतात आणि मुळांना कुंडीचा आकार आलेला असतो. हे सरळ जंगलातून ओरबाडलेलं होतं. मी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून विचारलं, आठवडाभर उत्तर टाळलं, शेवटी कबूल केलं की एका गोळा करणाऱ्याकडून घेतलंय. पैसे परत देतो म्हणाले आणि दिलेही, चुकीच्या पट्ट्यांबद्दलही माफी मागितली, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. पण मला राग याचा की याची गरजच नाही. ऑर्किडचं बी धुळीएवढं असतं, त्यात स्वतःचं अन्न नसतं, जंगलात योग्य बुरशी मिळाली तरच उगवतं, आणि तिथलं एक मोठं रोप तयार व्हायला कित्येक वर्षं जातात. बाटलीत साखरेच्या जेलीवर हे बी उगवायची पद्धत १९२२ पासून आहे! लॅबची रोपं विका ना, आम्ही घेऊ.

मागवणार असाल तर एवढं करा, ऑर्डरच्या आधी त्याच रोपाच्या मुळांचा आणि फुलाचा फोटो मागा, आणि रोप आल्यावर पाणी द्यायच्या आधी बघा की ते वांडासारखं एकाच शेंड्याने वर चाललंय की आडवं सरकत दरवर्षी नवा बल्ब काढतंय. पहिल्या प्रकाराकडे पाणी साठवायला बल्ब नसतो, त्याला कोरडं ठेवून चालत नाही. आणि बोअरचं पाणी नको, आमच्या सोसायटीचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ९०० च्या वर आहे, मी पावसाचं पिंपात साठवते आणि ते संपलं की आरओचं.

पॅकिंगला पाच, रोपांच्या तब्येतीला चार, नावांना दोन. वांड्यामुळे कापलेला एक धरून एकूण तीन स्टार.

वांडा परत पाठवून काही होणार नव्हतं, कुरिअरमध्येच मेला असता, म्हणून तो मांजलपूरला सासरच्या आंब्याला बांधला. सासूबाई बघूनच म्हणाल्या, "अगं हे बांडगूळ, आंब्याला लागलं की आम्ही तोडून टाकायचो, आणि तू विकत आणलंस?" त्यांना समजावलं की आई, बांडगूळ झाडाचा रस पितं, हे नुसतं सालीला धरून बसतं, पाणी हवेतून आणि पावसातून घेतं, आणि वांडा हे नावच मुळी संस्कृतातल्या वंदावरून, म्हणजे झाडावर वाढणाऱ्या झाडावरून, आलंय. पानांच्या टोकाला कुरतडल्यासारखी खाच आहे त्यावरून मला आपल्याकडची वांडा टेसेलाटा वाटतेय, डांगच्या जंगलातही असते ती, पण सीतेची वेणी म्हणतात त्या ऑर्किडच्या पानालाही साधारण तशीच खाच असते, त्यामुळे फूल येईपर्यंत पट्टी कोरीच ठेवलीये. फूल अजून नाही, पण चार नवी मुळं सालीला घट्ट चिकटलीत, टोकं हिरवी आहेत, आणि सासूबाई रोज संध्याकाळी तुळशीला पाणी घालून झालं की उरलेलं त्याच्यावर शिंपडतात.