म्हातारा कच्चा कैदी: आत राहून उपचार की आजारपणाचा जामीन?

जळगाव किंवा धुळ्याच्या कारागृहात सत्तरीतला माणूस खटल्याची वाट बघत असेल, तर घरच्यांपुढे दोन वाटा असतात.

पहिली, आत राहूनच उपचार. रक्तदाब, साधी शुगर, गोळ्यांवर भागणारं दुखणं असेल तर कारागृहाचा डॉक्टर पुरतो. त्यापुढचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय दोन्ही शहरांत आहे, पण तिथे न्यायला पोलीस गार्ड लागतो. गार्ड दुसऱ्या बंदोबस्तात अडकला की तपासणीची तारीख हुकते. मोतीबिंदू एकवेळ थांबेल, डायलिसिस थांबत नाही. शिवाय गोळीने न सुटणारंही बरंच असतं. गुडघे गेलेल्या माणसाने रात्री फरशीवरच्या अंथरुणातून भिंत धरून उठायचं, संडासात उकिडवं बसायचं, आणि हे सगळं मे महिन्यात, पारा ४४-४५ ला असताना. मला हे फार छळतं.

दुसरी वाट जामिनाची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० नुसार न्यायालय आजारी वा अशक्त आरोपीला जामीन देऊ शकतं. देईलच असं नाही; नुसतं वय सांगून भागत नाही, वैद्यकीय कागद लागतात. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कोठडीतल्या माणसाला तिथे मोफत वकील मिळतो.

वारंवार पडणं, स्मृतिभ्रंश किंवा डायलिसिस असेल तर माझ्या मते जामिनासाठीच धडपडावं. मात्र पोरं सुरतेला कामाला आणि घर बंद असेल, तर अर्जाआधी बघणारं माणूस ठरवा.