रंधा मारलेल्या सरळ फळ्या दाखवून ओलं सागवान गळ्यात मारलं

घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्यांनी हे जरूर वाचा, खास करून जे वखारीतून सागवानाच्या तयार फळ्या घेतात त्यांनी. फळी सरळ असणं आणि फळी सुकलेली असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. ओलंगच्च लाकूडसुद्धा मशीनवर रंधा मारला की त्या दिवसापुरतं एकदम सरळ आणि गुळगुळीत दिसतं, आणि ह्याच गोष्टीचा फायदा घेऊन पुण्याजवळच्या एका वखारवाल्याने माझे एकवीस हजार घेतले.

बहिणीच्या नवीन घरासाठी जेवणाचं टेबल आणि बसायचा एक बाक करायचा होता. १२ फळ्या हव्या होत्या, ६ फूट लांब, ८ इंच रुंद, सव्वा इंच जाड. हिशोब साधा आहे, फुटातली लांबी गुणिले इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी, भागिले १४४, म्हणजे १२ फळ्यांचे बरोबर ५ घनफूट. भाव ठरला घनफुटाला ४,२००. मी आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं की सीझन्ड, म्हणजे नीट सुकवलेलं, आहे का, ओलावा किती, तर त्याचं उत्तर होतं, "पूर्ण सीझन्ड माल साहेब, १२ टक्क्यांच्या आत, प्लेनिंग करून रेडी." वखारीत गेलो तेव्हा त्याने स्वतःच मॉइश्चर मीटर काढला, समोर उभी केलेली एक फळी घेतली, पिना टोचल्या, आकडा आला ११. फळी हलकी होती, रंग पण मस्त सोनेरी. मग आतून माझा गठ्ठा आला, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेला, वरून सगळं चकाचक. मी म्हटलं यातली एक काढून मीटर लावा, तर म्हणे पट्टी कापली तर टेम्पोत माल घासेल, सगळा एकाच लॉटचा आहे शेठ, काळजी करू नका. पक्कं बिल मागितलं तर बिलबुक सीएकडे गेलंय, नंतर पाठवतो. हातात कच्ची पावती, त्यावर फक्त "सागवान ५ घ.फू."

घरी पट्ट्या कापल्या आणि मधल्या फळ्यांना हात लावला तर थंडगार. मार्च महिना, दुपारची वेळ, पार्किंगमध्ये पत्र्याखाली उकडतंय आणि लाकूड थंड लागतंय म्हणजे आत पाणी आहे. रंधा मारलेल्या बाजूवरून बोट उलटं फिरवलं तर बारीक लव उभी राहत होती, सुकं सागवान असं लवदार होत नाही. शेजारच्या इमारतीत फर्निचरचं काम चालू आहे, तिथले सुतारकाका आले, एक फळी उचलून म्हणाले, "अरे दादा, हे तर मागच्या महिन्यात कापलेलं दिसतंय, वजन बघ ना." वजनकाट्यावर उभी केली तर साडेआठ किलोच्या पुढे. सुकलेलं सागवान साधारण घनफुटाला १८ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे त्या मापाची फळी साडेसातच्या जवळपास यायला हवी होती. झाडागणिक वजन थोडं कमीजास्त होतं हे खरं, पण सगळ्याच्या सगळ्या फळ्या जड कशा?

मी प्रत्येक फळीवर पेन्सिलने तारीख आणि मधोमध रुंदी लिहून ठेवली, २०३ मिलिमीटर, आणि एक फळी सरळ कापायला घेतली. टोकाचा भाग लवकर सुकतो म्हणून टोकापासून फूटभर आत जाऊन सव्वा इंच रुंद काप काढला, किचनच्या डिजिटल काट्यावर १४८ ग्रॅम. ओव्हनमध्ये १०० डिग्रीच्या जरा वर ठेवला, मधूनमधून वजन केलं, वजन उतरायचं थांबलं तेव्हा ११९ ग्रॅम. गेलेलं पाणी २९ ग्रॅम, भागिले सुकं वजन ११९, म्हणजे २४ टक्के. सांगितलं होतं १२ च्या आत. म्हणजे मीटर खरा होता, टोचलेली फळी पण खरी होती, फक्त ती विकायची नव्हती, दाखवायची होती.

लगेच फोन केला, फोटो पाठवले. त्याचं म्हणणं, "लाकूड आहे साहेब, निसर्ग आहे, हवा लागली की थोडं हलणारच." हे वाक्य प्रत्येक वखारीत ऐकू येतं आणि अर्धं खरं असल्यामुळेच माणूस गप्प बसतो, म्हणून जरा नीट सांगतो. लाकूड साधारण २८-३० टक्क्यांच्या खाली आलं की आकसायला लागतं. सागवान खोडातल्या वर्तुळांच्या दिशेने पूर्ण सुकेपर्यंत साडेपाच टक्क्यांच्या आसपास आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, लांबीत जवळजवळ नाहीच. ह्या दोन दिशांमधल्या फरकामुळेच फळीची वाटी होते, कडा सालीच्या बाजूला वर उचलल्या जातात, आणि लाकडाच्या रेषा तिरक्या असतील तर पीळ पडतो. आता १२ टक्क्यांची ८ इंची फळी उन्हाळ्यात ८ टक्क्यांवर आली तर रुंदीत दीड-दोन मिलिमीटर जाईल, ते "हलणं". माझ्या फळ्या काही आठवड्यांत २०३ वरून १९९ झाल्या. चार मिलिमीटर. हे हलणं नाही, हे माझ्या पार्किंगमध्ये माझ्या खर्चाने झालेलं त्याचं सीझनिंग आहे. वाटी चार-पाच मिलिमीटर, आणि दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून डोळा लावून बघितलं तर काही फळ्यांना आठ-नऊ मिलिमीटरचा पीळ.

आणि इथे फसवणुकीचा दुसरा भाग. भांडण वाढल्यावर तो मवाळ झाला, म्हणाला माल आणा, मशीनवर परत सरळ करून देतो, फक्त कारागिराची मजुरी द्या. बहिणीचा गृहप्रवेश तोंडावर होता म्हणून नेला. कारागिराने वाकड्या फळ्या थेट थिकनेस प्लेनरमध्ये घातल्या, एकामागून एक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या मशीनचे रोलर फळीला दाबून सपाट करतात, वरून ब्लेड फिरतं, आणि पलीकडे बाहेर आली की फळी परत आपल्या बाकात येते. जाडी सगळीकडे सारखी, पण बाक तसाच. आधी एक बाजू सरफेस प्लेनरवर किंवा हातरंध्याने सरळ करावी लागते, किंवा फळी एका सरळ प्लायवर ठेवून जिथे हलते तिथे खाली पाचरी सरकवून पक्की करावी लागते, मगच थिकनेसर. हे रोज मशीन चालवणाऱ्याला माहीत नसेल यावर माझा अजिबात विश्वास नाही. ३२ मिलिमीटरच्या फळ्या २५ वर आल्या, वाकड्या त्या वाकड्याच, आणि मजुरी आधीच घेतलेली. मी म्हटलं शेठ हे काय, तर म्हणे आता माल प्रोसेस झाला, रिटर्न होत नाही. म्हणजे सरळ करून देतो म्हणून बोलावलं आणि परत करायचा रस्ताच बंद केला. मला सगळ्यात जास्त संताप ह्याचा आहे.

शेवटी फळ्यांच्या टोकांना रंग लावला, मध्ये सारख्या जाडीच्या रिपा टाकून सावलीत थप्पी रचली, वर वजन. पावसाळ्यात सुकणं अडतं त्यामुळे सगळं लांबलं, दिवाळीनंतर ओलावा १२ च्या खाली गेला तेव्हाच रंधा हातात घेतला. आधी उंच कोपरे तिरके मारून उतरवायचे, पट्ट्या ठेवून पीळ बघत राहायचा, मग आडवा रंधा, शेवटी लांबीत. दोन्ही बाजूंनी सारखंच काढायचं, अर्धं काढून थोडे दिवस उभी ठेवायची आणि मग उरलेलं, एका बाजूनेच खरवडलं तर परत बाक येतो. शेवटी जाडी उरली १८ मिलिमीटर. ३२ पैकी १८, म्हणजे ५ घनफुटाचे पैसे देऊन हातात २.८ घनफूट, भाव पडला घनफुटाला साडेसात हजार, मजुरी आणि टेम्पो वेगळा. टेबलाचा टॉप १८ मिलिमीटरमध्ये करणं मनाला पटेना, त्यामुळे बसायचा बाक आणि एक छोटं कपाट केलं, टेबलाचं लाकूड दुसरीकडून घेतलं. तिथे मी सांगितलेल्या फळीतूनच काप काढून दिला आणि बिलावर "ओलावा १२ टक्क्यांच्या आत" असं लिहून पण दिलं, काही कुरकुर नाही. म्हणजे प्रामाणिक वखारवाले आहेत, त्यांना ह्या मागण्यांचा राग येत नाही.

तुमच्याबरोबर असं झालं असेल तर माल परत मशीनवर अजिबात घालू देऊ नका, वाकडी फळी हाच तुमचा पुरावा आहे. गठ्ठ्याचा फोटो पट्ट्या कापायच्या आधी काढा, रुंदी आणि वजन लिहून ठेवा, पैसे यूपीआयने द्या. माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं तरी यूपीआयची नोंद, तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि तारखेसकट रुंदीचे फोटो आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. मी तक्रार टाकलीय, ओव्हनमधून काढलेला काप आणि परत मशीनवर न घातलेली एक वाकडी फळी त्यासाठी बाजूला ठेवलीय.