चॅप्लिनचे बारा की किटनचे एकोणीस?

दोन रिळांचे, म्हणजे साधारण वीस-पंचवीस मिनिटांचे, विनोदी मूकपट बघायला सुरुवात करायची म्हटली की मामला फिरून फिरून दोन संचांवर येतो. एक, चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीसाठी १९१६-१७ मध्ये केलेले बारा. दुसरा, बस्टर किटनने १९२० ते १९२३ या काळात केलेले एकोणीस. माझ्याकडे आधी चॅप्लिन आला, किटन बऱ्याच उशिरा. आज रविवारी जेवणं झाल्यावर ‘काहीतरी लाव रे’ असं आई म्हणाली तर माझा हात कुठे जातो, ते पुढे येईलच. आधी चॅप्लिनबद्दल, कारण त्याचं ऋण मोठं आहे.

या बारा चित्रपटांत चॅप्लिन ऐन बहरात आहे. आठवड्याला दहा हजार डॉलर पगार आणि हवं ते करायची मोकळीक, असा काळ त्याच्या वाट्याला आला आणि त्याने त्याचं सोनं केलं. ‘द इमिग्रंट’ घ्या. जहाजावर ओळख झालेली मुलगी पुढे न्यूयॉर्कच्या खानावळीत भेटते. तिच्या हातातल्या काळ्या काठाच्या रुमालावरून त्याला कळतं की तिची आई गेली. एक शब्द नाही, पडद्यावर संवादाची पाटी नाही. त्याचा चेहरा पडतो, आणि क्षणभराने बिलाचे पैसे कुठून द्यायचे ही चिंता पुन्हा सुरू होते. हसू आणि गलबलणं इतकं एकमेकांना खेटून ठेवणं किटनला जमलेलं नाही, आणि त्याने तसा प्रयत्नही फारसा केला नाही. शिवाय एरिक कँपबेलसारखा धिप्पाड खलनायक समोर असला की चॅप्लिनचा इवलासा जीव आणखीच खुलतो. ‘ईझी स्ट्रीट’मध्ये कँपबेलचं डोकं रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्यात कोंबलं जातं, तो प्रसंग लहान मुलं परत परत लावायला सांगतात.

मग अडलं कुठे? वेगापाशी.

हे चित्रपट हाताने हँडल फिरवून, सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रं या गतीने टिपलेले. बोलपटांची गती ठरली चोवीस. १९३२ च्या सुमारास हे बाराही चित्रपट संगीत आणि ‘ठण्ण’, ‘धप्प’ असे आवाज चिकटवून पुन्हा बाजारात आले, आणि बोलपटाच्या यंत्रावर ते धावत सुटले. पुढे त्याच प्रतींच्या प्रती निघत राहिल्या. म्युच्युअलच्या चित्रपटांवर चॅप्लिनची मालकी नव्हती. नंतरच्या स्वतःच्या चित्रपटांना त्याने जसं स्वतः संगीत दिलं, तशी देखभाल यांच्या वाट्याला आली नाही. मी वर्षानुवर्षं पाहिला तो हा पळता चॅप्लिन. रस्त्यातल्या दुकानातून घेतलेल्या स्वस्त डीव्हीडीवर तोच, नंतर फोनवर तोच.

यात नेमकं काय हरवतं ते मला ‘द पॉनशॉप’मुळे कळलं. गिऱ्हाईक गजराचं घड्याळ गहाण ठेवायला आणतं. चार्ली स्टेथोस्कोप लावून त्याची छाती तपासतो, डबा फोडायच्या चावीने पाठ उघडतो, वास घेतो, आतली चाकं-स्प्रिंगा काउंटरवर काढतो, सगळं परत भरून गिऱ्हाइकाच्या टोपीत ओततो आणि मान हलवतो : नाही घेणार. पळत्या प्रतीत ही नुसती तोडफोड वाटायची. काही वर्षांपूर्वी दुरुस्त केलेली प्रत योग्य गतीत पाहिली, तेव्हा दिसलं की स्टेथोस्कोप लावल्यावर तो थांबतो. ऐकतो. डॉक्टरच्या तोंडावर असतो तो गंभीर भाव आधी येतो, मग हात हलतो. सगळी गंमत त्या थांबण्यात होती, आणि इतकी वर्षं मला कुणी ती पाहूच दिली नव्हती. खरंच वाईट वाटलं.

चॅप्लिनचा विनोद बोटांत, पापण्यांत, क्षणभराच्या विसाव्यात असतो, त्यामुळे प्रत वाईट असली की तो सर्वांत आधी मरतो. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण किटन अशाच वाईट प्रतींत मी पुष्कळ पाहिला आणि तो मला तग धरून राहिलेला दिसला. त्याचा विनोद वस्तूंच्या जागेत आणि अंतरात असतो. घर कुठे आहे, रूळ कुठे आहेत, गाडी कुठून येतेय. कॅमेरा लांब उभा राहून सगळं एका चौकटीत दाखवतो. गती थोडी चुकली तरी घर घरच राहतं.

योगायोग असा, की ज्या स्टुडिओत चॅप्लिनने ते बारा केले, तोच हॉलिवुडमधला लोन स्टार स्टुडिओ पुढे किटनकडे आला. अंगण तेच, माणूस वेगळा.

‘वन वीक’ (१९२०) मी पहिल्यांदा आईसोबत पाहिला. नव्या जोडप्याला लग्नात घराचे सुटे भाग भेट मिळतात. जोडून घ्यायचं. प्रतिस्पर्धी खोक्यांवरचे नंबर बदलतो आणि घर तिरपागडं उभं राहतं. न्हाणीघराचा दरवाजा वरच्या मजल्यावरून थेट बाहेर, हवेत उघडतो. आईने स्वतः घर बांधून घेतलेलं, गवंड्याशी भांडून. ती पहिल्यांदा हसली नाही. म्हणाली, ‘अरे, जिना नको का तिथे?’ मग वास्तुशांतीच्या पार्टीत वादळ येतं आणि अख्खं घर पाहुण्यांसकट गरगर फिरतं, तेव्हा मात्र ती डोळे पुसत हसत होती. शेवटी चुकीच्या प्लॉटवरचं घर हलवताना ते रुळांत अडकतं. समोरून आगगाडी येते, नवराबायको डोळे झाकून घेतात, आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. आईने सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात उलट्या दिशेने दुसरी गाडी आली. तिने पाय वर घेतले. शंभर वर्षांपूर्वीचा चित्रपट, तोही अंधुक प्रतीत.

किटनमध्येही खटकणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. ‘नेबर्स’मध्ये चेहऱ्याला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांवर केलेला विनोद आज बघवत नाही. ‘द प्लेहाउस’मध्ये एकाच चौकटीत नऊ किटन दिसतात, कॅमेरामन एल्गिन लेस्लीने भिंगाचा एकेक भाग उघडून तीच फिल्म नऊदा फिरवली, आणि हँडलची गती नऊही वेळा सारखी ठेवली. कारागिरीपुढे हात जोडावेत, पण ते नऊजण चेहरे काळे रंगवून बसलेत. मुलांसोबत बघणार असाल तर आधी स्वतः पाहून घ्या. आणि किटनची नायिका बऱ्याचदा नावापुरती असते. ‘वन वीक’मधली सिबिल सीली अपवाद, ती बरोबरीने राबते.

या दोघांपलीकडे जायचं झालं तर लॉरेल-हार्डीचा ‘बिग बिझनेस’ (१९२९) आधी घ्या. कॅलिफोर्नियाच्या उन्हात नाताळची झाडं विकणारे दोघे आणि झाड नको असलेला घरमालक, बाकी नुसतं शांतपणे चाललेलं सत्यानाश प्रकरण. हॅरल्ड लॉइडचा ‘नेव्हर वीकन’ उंचीची भीती वाटणाऱ्यांनी जपून बघावा. चार्ली चेसचा ‘मायटी लाइक अ मूस’ फार कमी लोकांनी पाहिलाय, आणि तो त्याहून पुष्कळ जास्त लोकांनी बघण्याजोगा आहे.

तुमच्याकडे चॅप्लिनच्या नीट दुरुस्त केलेल्या प्रती असतील तर कदाचित तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं पडेल, आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण हाताला लागेल ती प्रत लावून घरच्यांसोबत बसायचं असेल, तर मी किटनचे ‘वन वीक’, मग ‘कॉप्स’, मग ‘द गोट’ याच क्रमाने जाईन. चॅप्लिन लावाल तेव्हा पहिल्या मिनिटात त्याच्याकडे नका बघू, मागून रस्त्याने जाणाऱ्या माणसांकडे बघा. ती चिमण्यांसारखी टुणटुण चालत असतील तर तिथेच थांबा आणि दुसरी प्रत शोधा.