शेवाळलेली क्लॅडिंग: प्रेशर वॉशर की हायपोक्लोराइट?

कोथरूडच्या मावशींच्या बंगल्याची उत्तरेकडची दगडी क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर बसवलेलं दगडी आवरण, पावसाळ्यात हिरवी झाली. ती साफ करायची दोन कोटेशनं आली: एक प्रेशर वॉशरचं (जोरदार पाण्याच्या फवाऱ्याचं), दुसरं हायपोक्लोराइटचं (ब्लीचच्या द्रावणाचं). मावशींचं ठरत नाहीये.

खर्चात फरक मजुरीचा. दर चौरस फुटावर असला तरी परांची लागली की दोन्हीकडे वाढतोच. ती धरूनच भाव विचारा.

प्रेशर वॉशरने भिंत लगेच उजळते, पण जोर जास्त झाला तर सांध्यांतला माल निघतो, पाणी आत मुरतं आणि छिद्रांतलं शेवाळ पुन्हा वाढतं. सौम्य हायपोक्लोराइट ते मारतं; फक्त आधी कोपऱ्यात लावून बघा, झाडं भिजवून ठेवा, हातमोजे-चष्मा घाला. त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो!

मावशींच्या जुन्या सांध्यांना हायपोक्लोराइटच बरं. फरशीच्या अंगणाला प्रेशर चालेल.